तैवान रिटर्न मुरलीधर यांस

मुरली,

बदनापूरच्या स्टेशनसमोर तुला परत टांगलंय. फोटो तोच, ज्यात फोटोग्राफरनं तुला हनुवटी वर करायला लावली होती आणि त्यामुळे तू रुसलेल्या व्याह्यासारखा दिसतोस. मागे तेच विमान, तीच चीनची भिंत. फक्त 'हार्दिक अभिनंदन' होतं तिथे आता 'भावपूर्ण श्रद्धांजली' आहे. फ्लेक्सवाल्याकडे जुनी फाईल पडून होती, त्यानं वरच्या-खालच्या ओळी बदलल्या. विमान काढायचं त्याच्या लक्षात आलं नाही. किंवा आलंही असेल आणि ते त्याला प्रसंगाला धरूनच वाटलं असेल.

तुझ्या नावाखाली लिहिलंय, 'प्रगतिशील शेतकरी, तैवान रिटर्न.'

ती भिंत तैवानात नाही हे बदनापुरात आपल्या दोघांनाच माहीत होतं. आणि तैवानात तूही कधी नव्हतास, हेही, तोंड न उघडणारी पपई संघाची चार माणसं सोडली तर, आपल्या दोघांनाच. त्यातला एक आता फ्लेक्सवर गेला. उरलेल्याला शाळेच्या मैदानावर तुझ्या शोकसभेत बोलायचं आहे. विषय ठरवून आलाय: 'मुरलीधररावांचा तैवान दौरा, काही आठवणी'. पपई संघाच्या अध्यक्षांनी फोनवर सांगितलं, "सर, तुम्ही त्यांचे जवळचे. जरा रंगवून सांगा."

सभेचं मी निभावून नेईन. तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलेला माणूस काहीही बोलून वेळ काढू शकतो. मला भीती सिंधूवहिनींची आहे. गेल्या महिन्यात तू माझ्याकडे जालन्याला आलास, पिशवीतून पपई काढून टेबलावर ठेवलीस आणि म्हणालास, "सिंधूला सांगून टाकावं म्हणतो. बाग उतरली की सांगतो." मी म्हटलं, आत्ताच सांग. तू म्हणालास, "कामाच्या गर्दीत न्हाई रे. निवांत सांगायची गोष्ट ये ही."

बाग अजून उतरायची आहे, पपया झाडावरच आहेत. तू बागेतच पडलास, पाणी देताना, छातीवर हात ठेवून. पाणी तसंच चालू राहिलं. लोक आले तेव्हा तुझ्या कडेनं चिखल झाला होता.

आता ते कोणी सांगायचं, मुरली? तुझी गोष्ट, तुझी बायको, आणि तोंड माझं. हे विचारायला मला तुझ्याशिवाय कुणी नाही. तू गेल्यापासून मी घरात एकटाच तुझ्याशी भांडतोय आणि आयुष्यात पहिल्यांदा प्रत्येक वाद जिंकतोय. इतकं वाईट मला कधी वाटलं नव्हतं.

*

हे सगळं तुझ्या वडिलांच्या रेडिओनं केलं. आपण तेव्हा पॅसेंजरनं रोज जालन्याला कॉलेजात जात होतो. एका संध्याकाळी बाजारभाव लावायला गेलास आणि काटा पुढे सरकला. खरखरीतून एक बाई तैवानहून इंग्रजीत बोलायला लागल्या, मग त्यांनी एक गाणं लावलं. दुसऱ्या दिवशी गाडीत तू मला ते म्हणून दाखवलंस. शब्द एकही कळलेला नव्हता, चाल मात्र बराबर होती. समोरच्या बाकावर टोपली घेऊन बसलेला भाजीवाला मला म्हणाला, "पोटात दुखून राह्यलं का याच्या?"

त्या बाईंनी श्रोत्यांना पत्रं लिहायला सांगितलं होतं. कार्यक्रम कोणता ऐकला, आवाज किती स्पष्ट आला, मध्ये कोण घुसलं. मध्ये नेहमी चीनच घुसायचा. त्याचं केंद्र काट्यावर शेजारीच होतं आणि जोरकस होतं. तू रेडिओवर थापड मारायचास ती रेडिओला नसायची. पुढे त्या भिंतीचा तुला एवढा राग का आला, हे गावात कुणाला कळणं शक्य नव्हतं.

पत्राचं इंग्रजी मी दुरुस्त करायचो. तुला मी स्पष्ट सांगितलं होतं की 'तुमच्या पायाची धूळ' हे इंग्रजीत जात नाही. तू म्हणालास, जाऊ दे की, त्यांना भावना कळतील. आणि त्यांना कळल्या असाव्यात, कारण तिकडून पाकिटं यायला लागली. रंगीत कार्डं, कॅलेंडर, प्रवासाच्या माहितीपत्रिका. डोंगरात चढणारी छोटी आगगाडी, तिच्याखाली ढग. सूर्य-चंद्राच्या नावाचं तळं. संध्याकाळचा बाजार, कंदिलांखाली वाफाळणाऱ्या कढया, आणि गर्दीतला प्रत्येक माणूस काहीतरी खाणारा. गळ्यात माळ असलेला, कांदासुद्धा चातुर्मासात सोडणारा तू, त्या कढयांत काय असेल याची चौकशी करायचास. पुढे रेडिओवर कळलं की तिथे निव्वळ शाकाहारी खाणारे पुष्कळ आहेत. त्या दिवशी तू मला पेढा दिलास.

सिंधूवहिनी लग्न होऊन आल्या तेव्हा तैवान घरात आधीच नांदत होतं. कॅलेंडरवर देवळाचं चित्र होतं, म्हणून त्यांनी त्याला हळद-कुंकू लावलं. वर्ष संपलं तरी ते उतरवता आलं नाही. कलीमभाईंच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात तुझी निम्मी मिळकत जायची. ते सोल्डरची तार फुंकत तुला विचारायचे, "मुरलीभाई, ये तैवान है के हैवान? पूरा खा गया तुमकू. उन लोगां कू खबर बी है क्या?"

तू म्हणायचास, "खबर कशाला पाहिजे?"

मी पुस्तकं वाचणारा, त्यामुळे मला तुझं हे बघवत नसे. मी तुला ऐकवायचो की तिथे लष्करी कायदा आहे, माणसं उचलून नेतात, आणि तुझ्या त्या गोड बाई सरकारनं लिहून दिलेलं वाचतात. तू ज्या देशावर जीव टाकतोस तो देश नाहीच, ते जाहिरात खातं आहे. तू बांधावर बसून शांतपणे ऐकून घेतलंस आणि म्हणालास, "आपल्या रेडिओवर कधी ऐकलं का, बदनापूरच्या विहिरी आटल्या म्हणून? तरी तू इथं राहतोच ना."

मग हळूच पुढचं टाकलंस. "तू त्या रशियातल्या गावांचं सांगतो ना कायम, बर्फ अन् घोडागाडी अन् चहाचं ते भांडं. तिथं गेल्ता का?"

मी म्हटलं, ते साहित्य आहे.

"मंग हे काये?"

याचं उत्तर मी त्या दिवशी दिलं नाही. त्यानंतर तिथला लष्करी कायदा उठला, निवडणुका झाल्या, तुझ्या बाई रेडिओवर मोकळ्या हसायला लागल्या. तू मला ते सगळं स्वतःच्या मुलाचा निकाल सांगावा तसं सांगितलंस. माझं उत्तर राहूनच गेलं. आता सुचलं तर कुणाला देऊ?

रेडिओवर तिथली बोली शिकवायचे. त्यातलं एक वाक्य तू उचललंस. भेटल्यावर तिथली जुनी माणसं नमस्कार करत नाहीत, विचारतात, पोट भरलं का? जिया-पा-ब्वे? तू हरखून गेला होतास. "अरे, आपल्यासारखंच. आपण बी जेवलात का म्हणूनच इचारतो ना दारात." त्या दिवसापासून फोनवर, रस्त्यात, स्टेशनवर, तू मला दुसरं काही म्हणालाच नाहीस. आणि मी दर वेळी म्हणायचो, झालं जेवण. तू चिडायचास. "उत्तर हाये त्याला. जिया-पा-आ म्हणायचं. भरलं." मी म्हणायचो, माझं पोट मराठीत भरतं. हा खेळ आपण म्हातारपणापर्यंत पुरेल अशा समजुतीनं खेळत होतो.

पुढे कलीमभाईंनी कुठून तरी सीडी आणून दिली, तिथल्या सिनेमाची. दुकानाच्या मागच्या खोलीत आपण तिघांनी पाहिली. खाली भाषांतर नव्हतं. एक कुटुंब जेवतं, मग कुणीतरी सायकलवर जातं, मग परत जेवतं. कलीमभाई मध्येच उठून गिऱ्हाईक बघून आले आणि म्हणाले, कुछ हुआ? मीही विचारलं, यात घडतंय काय? तू डोळे न हलवता म्हणालास, "जेवून राह्यलेत की." तुझ्या गालावर पाणी होतं. मी कलीमभाईंकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे, आणि पुढचं जेवण तिघांनी मिळून पाहिलं.

*

मग तुझा देश चालत तुझ्या शेतात आला. पपईचं नवं बियाणं आलं, लोकांनी त्याला 'तैवान' म्हणायला सुरुवात केली. "यंदा काय लावलं?" "तैवान." "तैवान कसं गेलं?" "व्यापारी बागेवरच आल्ता." ज्या नावावरून तुला गाव चिडवायचं ते नाव गावाच्या तोंडी बसलं. तू एकरभर लावलंस आणि तुझी बाग बघायला पिंपळगाव रेणुकाईहून, कुंभार पिंपळगावहून माणसं यायला लागली. त्यांना तू खताची मात्रा सांगता सांगता डोंगरातली आगगाडी सांगायचास. ते खतासाठी यायचे, पण आगगाडी संपेपर्यंत उठत नसत, हे मी पाहिलंय.

म्हणून संघाच्या अभ्यास दौऱ्यात तुझं नाव आलं तेव्हा कुणाला नवल वाटलं नाही. तैवान! तू मला फोन केलास. मी हॅलो हॅलो करत होतो. शेवटी तुझा आवाज आला, "जिया-पा-ब्वे?" मी म्हटलं, झालं जेवण, बोल. तू म्हणालास, "मी जाऊन राह्यलो रे."

आता आपल्याकडची रीत बघ. जगात माणूस काहीतरी करून आला की त्याचा सत्कार होतो. आपल्याकडे निघायच्या आधी होतो. शाल, श्रीफळ, फेटा, आणि चौकात फ्लेक्स. मी तेव्हाच म्हटलं होतं की हा उलटा कारभार आहे, पोराचं बारसं जेवून मग लग्न लावण्यातला. तू म्हणालास, लोकांचा उत्साह आहे, मन मोडू नये. पण फ्लेक्स पाहून तुझाच चेहरा पडला. फ्लेक्सवाल्यानं तैवान म्हणून चीनची भिंत टाकली होती. तू त्याच्याकडे जाऊन समजावून सांगितलंस. तो म्हणाला, "भाऊ, तिकडलंच हाये ना ते?" इतक्या वर्षांचा तुझा चीनशी असलेला झगडा त्या एका वाक्यात निकालात निघाला. अध्यक्षांनी भाषणात तुला 'बदनापूरचा राजदूत' म्हटलं. तू खाली मान घालून नारळ कुरवाळत होतास.

गावानं तुला हार घालून गाडीत बसवलं. औरंगाबादला सगळे जमणार होते. तिथे संघाच्या माणसानं तुला बाजूला घेतलं आणि सांगितलं की थोडी अडचण झाली आहे, या खेपेला अध्यक्षांच्या मेहुण्यांना पाठवावं लागतंय, तुमचं पुढच्या तुकडीत नक्की. मेहुण्यांची शेती म्हणजे घरासमोरची तुळस. तू बॅग उचललीस. तू ते मला सांगितलंस तेव्हाही कुणाला शिवी दिली नाहीस. फक्त म्हणालास, "मेहुण्याला ठावंबी न्हाई रे, तळं कुठं ये ते."

जालन्याकडे येणारी गाडी धरलीस. ती बदनापूरवरून येते. मुरली, मी त्या गाडीत नव्हतो, पण मी तो प्रवास तुझ्यापेक्षा जास्त वेळा केला आहे. गाडी तुझ्या स्टेशनात थांबली. तू मफलर तोंडावर ओढून वरच्या फळीवर भिंतीकडे तोंड करून पडलास. खाली गावातलीच माणसं चढली, तुझंच बोलत होती, एव्हाना मुंबईला पोचला असेल म्हणून. खिडकीतून चौकातला फ्लेक्स दिसतो. तू मान वळवलीस का? मी विचारलं नाही, तू सांगितलं नाहीस.

माझ्या दारात उभा राहिलास तेव्हा बॅगेतून हाराची शेवंती बाहेर लोंबत होती. म्हणालास, "सत्कार झालाय रे. नारळ घेतलाय लोकांचा. आता परत कसा जाऊ?"

*

दौरा संपेपर्यंत तू माझ्याकडे राहिलास. माझ्या घरात मी आणि पुस्तकं, विचारणारं कुणी नाही. बदनापूरची निम्मी माणसं रोज जालन्यात असतात, म्हणून तू दार उघडत नव्हतास, खिडकीला पडदा. मी शाळेतून यायचो आणि तू मला सांगायचास आज दौरा कुठे आहे ते. कार्यक्रम तुला पाठ होता. आज राजधानीत, आज बियाण्यांचं केंद्र, आज तळं. तळ्याच्या दिवशी तू मोती तलावावर चल म्हणालास, तेवढ्यापुरता मफलर बांधून. आपण काठावर बसलो. समोर म्हशी पाण्यात बसल्या होत्या. तू म्हणालास, "तिथं होड्या असतात." मी म्हटलं, इथे म्हशी आहेत, आणि त्या बुडत नाहीत. तू हसलास. त्या दिवसांत तू हसलास असं मला तेवढंच आठवतं. नाही, अजून एकदा.

तिथे थंड दुधाच्या चहात साबुदाण्याचे मोठे मोठे गोळे घालून पितात, हे तू मला सांगितलंस आणि ते करून बघितलंस. आपला साबुदाणा बारीक. तो पेल्याच्या तळाशी बसला आणि चहाची खीर झाली. मी विचारलं, हे एकादशीला चालेल का? तू गंभीरपणे म्हणालास, चहा चालतो, साबुदाणा चालतो, मंग न चालायला काय झालं?

मी तुझ्या मागे लागलो होतो की घरी जा आणि खरं सांग. लाज त्यांची आहे, तुझी नाही. आपलं सगळ्यात मोठं भांडण ते. तू ऐकत नव्हतास. शेवटी म्हणालास, "माझ्यावर हसले तर हसू दे. मला सवय ये. पण लोकं म्हणतील, बघा, जल्मभर तैवान तैवान केलं, अन् तैवानवाल्यांनी घेतलंबी न्हाई. तैवानला नाव ठेवतील रे. त्यांचा काय दोष?"

मी थक्क झालो. तुला ज्यांनी कधी पाहिलंही नव्हतं त्यांच्या अब्रूसाठी तू माझ्या खोलीत पडदा लावून बसला होतास.

मग तू म्हणालास, देवाला विचारू. तिथल्या देवळात दोन लाकडी चंद्रकोरी टाकतात. एक उपडी, एक उताणी पडली तर देव हो म्हणतो. दोन्ही उपड्या पडल्या तर नाही. आणि दोन्ही उताण्या पडल्या तर देव हसतो. तू सत्काराचा नारळ फोडलास, खोबरं काढलंस, करवंट्या हातात घेतल्यास. "सिंधूला सांगू का?" असं विचारून फरशीवर टाकल्यास. दोन्ही उताण्या. परत टाकल्यास. परत दोन्ही उताण्या. देव हसत होता. मी म्हटलं, करवंटी आहे ती, तिचा बुडाचा भाग जड असतो, ती उताणीच पडणार. तू म्हणालास, "न्हाई. देव हसला म्हणजे प्रश्न चुकला. उत्तर माहीत असताना इचारलं की देव हसतो."

आणि तू हसलास, आणि हसता हसता तुझं तोंड वेडंवाकडं झालं, आणि तू माझ्या फरशीवर त्या दोन करवंट्यांच्या मध्ये बसून रडलास. "मी जाणार होतो रे," एवढंच म्हणत होतास. "मी जाणार होतो."

मी खाली वाकलो. खोबरं गोळा करून वाटीत ठेवलं. माझ्याकडची सगळी पुस्तकं त्या खोलीत होती, आणि त्यातलं एकही उपयोगाचं नव्हतं.

परत गेल्यावर दुसरा सत्कार झाला. मी मुद्दाम आलो होतो, तू कसा खोटं बोलतोस ते बघायला. तू माईकपुढे उभा राहिलास आणि तैवान सांगितलंस. त्यांची गाडी मिनिटाला मिनिट कशी येते, डब्यात जेवण कसं मिळतं, पपईला थंडीत जाळी कशी लावतात, बाजारात कंदील कसे असतात, म्हातारी माणसं दारात काय विचारतात. संघातलं कुणी तुला खोडणार नव्हतं, मेहुण्यांचं प्रकरण उघडं पडलं असतं. जे खरोखर जाऊन आले होते, ते मेहुणे पुढच्या रांगेत बसून ऐकत होते, आणि त्यांच्या तोंडावर मी पहिल्यांदा काहीतरी गमावल्याचं दुःख पाहिलं.

*

इथवर लिहून ठेवलं होतं. आज तुझा दहावा झाला.

दुधनेच्या काठी पिंड मांडला. मला यातलं काही पटत नाही हे तुला माहीत आहे, पण मी गेलो, आणि सगळ्यांसारखा कावळ्याची वाट बघत उभा राहिलो. कावळे होते. तारेवर ओळीनं बसले होते, सभेला आल्यासारखे. एकही खाली येईना. मग सुरू झालं, कशात जीव अडकला असेल ते. तुझ्या भावानं सांगितलं, बागेची काळजी करू नको. कुणीतरी म्हणालं, वहिनीला अंतर देणार नाही. अध्यक्षसाहेब पुढे झाले, हात जोडले आणि मोठ्यांदा म्हणाले, "मुरलीधरराव, तुमची तैवानला पुन्हा जायची इच्छा राहिली असेल, तर संघातर्फे आम्ही शब्द देतो..." तो शब्द कुणाला देणार होते आणि कसा, हे त्यांनाही पुढे सुचलं नाही.

मी मागे उभा होतो. पुढे भाताचा गोळा, आणि त्याच्यापुढे कुणी नाही. माझ्या तोंडून हळूच निघालं, जिया-पा-ब्वे, मुरली?

शेजारच्या माणसाला वाटलं मी मंत्र म्हणतोय. त्यानं हात जोडले.

कावळा आला नाही. ऊन वाढलं. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववला, आणि सगळे मोकळे झाले, कारण घरी पंगत थांबली होती. परत येताना मी चौकातून आलो. तू हनुवटी वर करून बघत होतास.

घरी वहिनी मागच्या पडवीत बसल्या होत्या. मी ठरवून गेलो होतो. आज सांगायचं, सभेच्या आधी, तुझ्या वतीनं. त्यांच्यापुढे बसलो आणि वाक्य जुळवायला लागलो. वाक्यं माझा धंदा. एक जुळेना. त्यांनीच विचारलं, "परवा काय बोलणारेत तुम्ही, भाऊजी?"

मी म्हटलं, "वहिनी, त्या दौऱ्याचं..."

"ते गेले नव्हते ना," त्या म्हणाल्या.

विचारलं नव्हतं त्यांनी. सांगितलं. मला पदर डोळ्याला लावलेला माणूस चालला असता. त्या तांदूळ निवडत होत्या.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कोण सांगंल? एवढे लोकं यायचे, तैवान सांगा म्हणायचे. हे सांगायचे, तिथं असं असतं, तिथं तसं असतं. इतक्या वर्षांत एकदा बी 'मी गेल्तो' न्हाई म्हणले. साधं भोकरदनला जाऊन आले तरी महिनाभर 'मी भोकरदनला गेल्तो' चालायचं यांचं."

मुरली, मी त्या मैदानात होतो. मी इंग्रजीचा मास्तर, दुसऱ्यांची क्रियापदं तपासण्यात माझी हयात गेली. तू किती सफाईनं खोटं बोललास म्हणून मी आतापर्यंत तुझं कौतुक करत होतो. तू खोटं बोललाच नव्हतास. त्या सगळ्या भाषणात 'मी' नव्हता. होतं ते नुसतं 'तिथं'.

मी विचारलं, मग तुम्ही त्यांना कधी विचारलं का नाही? वहिनींनी एक खडा काढून बाजूला ठेवला. "सांगतील म्हणून वाट बघितली. आले त्या दिवशी ताटावर बसले अन् भाकरीकडं बघत राह्यले. म्हणलं, आता सांगतील. मंग म्हणलं, पाऊस पडला की सांगतील. घाई काय होती?"

मी त्यांना तुझं ते बागेचं सांगितलं. बाग उतरली की सांगणार होतास ते. तुझ्याच शब्दांत सांगितलं, निवांत सांगायची गोष्ट आहे म्हणालास ते. त्यांचा हात तांदळात थांबला. थांबलेलाच राहिला.

"मला माहीत होतं, हे त्यांना माहीत न्हवतं, भाऊजी," त्या म्हणाल्या. "तेवढंच राह्यलं."

तुम्ही दोघं एका ताटलीएवढ्या घरात इतकी वर्षं एकमेकांना सांभाळत बसलात, आणि दोघांनाही वाटत होतं की अजून वेळ आहे. मला ओरडावंसं वाटलं, पण कोणावर? तू नव्हतास, आणि ज्या होत्या त्यांच्यावर कसं ओरडायचं?

मग त्यांनी मला सभेचं सांगितलं. "गेले म्हणू नका. न्हाई गेले म्हणू नका. तिथलं सांगा. हे सांगायचे तसं."

मी म्हटलं, मी हे सगळं लिहून काढतोय. खरं तेच लिहितोय. लिहू का?

"लिहा की," त्या म्हणाल्या. "लिहिलेलं इथं कोण वाचतंय." आणि जरा थांबून, "ती भिंत तेवढी काढायला लावा त्या बोर्डावरची. लई राग होता त्यांना तिचा."

म्हणजे त्यांना तेही माहीत होतं.

मी उठलो. बाहेर पंगत उठत आली होती, पत्रावळी गोळा होत होत्या. सकाळपासून माझ्या पोटात अन्न नव्हतं. वहिनींनी सूप खाली ठेवलं, वर पाहिलं, आणि दारात आलेल्या कुणालाही विचारतात तसं विचारलं,

"जेवलात का, भाऊजी?"

मी तोंड उघडलं, आणि इतकी वर्षं तुला हट्टानं जे दिलं नाही ते उत्तर त्यांच्यापुढे बाहेर पडलं.

"जिया-पा-आ."

भिंतीपलीकडून ते शब्द त्यांनी जन्मभर ऐकलेले. अर्थ त्यांना बराबर माहीत असणार. त्यांनी माझ्याकडे बघितलं, तुझ्याकडे इतकी वर्षं बघितलं असेल तसं.

"खोटं," त्या म्हणाल्या. "बसा. वाढते."